अंगावर येणारी दोरी

३ मार्च

प्रिय धाकट्या,

सोबतच्या डबीत बाबांचा नवा चष्मा आहे. डबी तू उघडू नकोस, त्यांनाच उघडू दे. काचेची वस्तू तुझ्या हातात गेली की तिचं काय होतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

एक बातमी आहे. मी आता भिंगं घासायला बसत नाही. मालकांनी कारखान्यात कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यासमोर कुणाला बसवायचं यावर बराच खल झाला. शिकलेले होते ते सगळे एकाएकी कामात बुडाले. धुळीनं माझा खोकला वाढलाच होता, म्हणून मालकांनी विचारल्यावर मी हो म्हटलं. आता डोक्यावर पंखा, बुडाखाली गादीची खुर्ची, आणि दवाखान्यांतून आलेले नंबर त्या यंत्रात भरायचे. मी भरलेला आकडा कागदावर छापून आत जातो, आतली माणसं त्याप्रमाणे भिंग घासतात, आणि शेवटी तपासणाराही त्याच कागदाशी ताडून बघतो. म्हणजे तुझ्या ताईचं बोट हलल्याशिवाय इथं एक भिंग हलत नाही. जरा मान देऊन बोलत जा.

पण हे यंत्र म्हणजे निव्वळ सासुरवास आहे रे. परवा कोपराखाली काय दाबलं गेलं कोण जाणे, स्क्रीनवरचं सगळं चित्र उलटं झालं, पाय वर आणि डोकं खाली. आम्हा भिंगवाल्यांना उलट्या चित्राचं कौतुक नाही, भिंगातून रोज तेच बघतो. मी दोघांना हाक मारली, तो जड डबा उचलून डोक्यावर उभा केला, दोन्हीकडून पुठ्ठ्याचे खोके लावले आणि दुपारपर्यंत मुकाट काम केलं. मालक आले, बघत राहिले आणि परत गेले. मग दुरुस्तीवाल्यानं येऊन तीन बटणं एकदम दाबली, चित्र सरळ झालं, आणि तो डबा पुन्हा पायावर उभा करायची पाळी आमच्यावर आली.

शिफ्टचं बटण लागोपाठ दाबलं तर यंत्र ओरडतं आणि काहीतरी विचारतं. मी हो म्हणते. त्यानंतर तासभर सगळी बटणं रुसल्यासारखी वागतात. माउसवर एक चाक आहे, ते फिरवलं की पान खाली सरकतं. माझं चाक पहिल्यांदा अडतं. थोडं फिरवलं तरी पान जागचं हलत नाही, मग मोकळ्या जागी एक टिचकी मारायची आणि पुन्हा फिरवायचं, की चालतं. आपल्या मोरीतल्या नळासारखं, आधी कुरकुर आणि मग पाणी.

आता कामाचं. बाबांचा नंबर बराच बदललाय. त्यांच्या भिंगाला नुसती ताकद पुरत नाही, ते चौकटीत नेमक्या कोनात बसावं लागतं. माझ्या हातानं आकडे भरलेत. पहिले काही दिवस त्यांना जमीन चढावर असल्यासारखी वाटेल, पायरी वर आल्यासारखी दिसेल. नव्या चष्म्याला सगळ्यांचंच तसं होतं. काही झालं तरी काढायचा नाही, काढघाल केली तर डोळ्यांना सवय लागत नाही. ते तुझं ऐकणार नाहीत, माझं नाव सांग.

तुझी
ताई


१४ मार्च

ताई,

चष्मा मिळाला. डबी बाबांनीच उघडली. मी हातभर लांब उभा होतो, तुझ्या हुकमाप्रमाणे.

चष्मा घालून ते आधी आरशात बघून आले, मग गल्लीत. शेजारच्या शिंप्याला थांबवून म्हणाले, लेकीनं केलाय, दुकानातला नाही. शिंप्यानं दोनदा तारीफ केली तरी त्याला सोडेनात. परत आले ते उंबऱ्याला ठेचकाळून. मी धरायला गेलो तर म्हणाले, ताईनं लिहिलंय ना, असं होणार म्हणून. मग त्यांनी माझ्यादेखत जुना चष्मा गुडघ्यावर ठेवून मोडला. म्हणाले, आता लिही तिला की काढघालीचा प्रश्नच मिटला. तुझा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ. मी तेच सांगितलं असतं तर चष्मा खुंटीला लागला असता.

जेवताना तांब्यातलं पाणी पेल्याच्या बाहेर गेलं. दोनदा. त्यांनी ते हातानं पुसलं आणि हसले.

आम्हाला मोठं काम लागलंय. टेकडीखालच्या शाळेच्या मैदानाला भिंत. मैदान खाली आहे आणि रस्ता वर, त्यामुळे भिंत दीड पुरुष उंच जाणार. ती उभी राहिली की मागून रस्त्यापर्यंत मातीचा भराव टाकणार आहेत. मुकादम स्वतः घरी आला होता. म्हणाला, एवढी लांब भिंत एका रेषेत उभी करणारा गवंडी दुसरा नाही. बाबांनी चहा होईपर्यंत त्याच्याकडे बघितलंही नाही, पण तो गेल्यावर बराच वेळ थापी घासत बसले होते. मला वाटतं हे काम झालं की ते थांबतील. म्हणून ते नीट व्हावं असं त्यांच्या फार मनात आहे, बोलत नाहीत एवढंच.

कॉम्प्युटर डोक्यावर उभा केलास हे मी कामावर सगळ्यांना सांगितलं. तुला इथं मान मिळणं आता अवघड आहे.

धाकटा


२९ मार्च

प्रिय धाकट्या,

जुना चष्मा मोडला हे वाचून मी हसले आणि मग डोळे पुसले. त्यांना सांग, शाबास.

पाणी सांडतंय तर सांडू दे. अजून सवय व्हायचीय. या वयात डोळे हट्टी होतात, जरा जास्त दिवस लागतील. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा नाकावर हवा, कामावर तर हवाच हवा. तू लक्ष ठेव.

इकडे माझी रोज नवी फजिती. मंगळवारी कंट्रोलचं बटण दाबलेलं राहिलं आणि चाक फिरलं, तर अक्षरं एवढी मोठी झाली की एका स्क्रीनवर एकच आकडा मावेना. मला वाटलं आपलेच डोळे गेले. काल तर कहर झाला. सगळं भरलेलं पान अचानक निळं झालं, मी घाबरून एक बटण दाबलं आणि सकाळपासूनचं काम पुसलं गेलं. मालक म्हणाले, तुम्हाला परत घासायला बसवू का? सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हापासून मी कुणाला काही विचारत नाही. यंत्र काही विचित्र वागलं की टिचकी मारायची, पुढे जायचं आणि काही झालंच नाही असं दाखवायचं.

लोकही हल्ली फार नाजूक झालेत. एक शिवणकाम करणारी बाई चष्मा परत घेऊन आली, म्हणते शिवण सरळ दिसतच नाही. एक म्हातारे गृहस्थ जिन्यात पडले, त्यांची सून भांडून गेली. तपासणाऱ्यानं दोन्ही चष्मे कागदाशी ताडून बघितले, अगदी बरोबर होते. मालकांनी मला पुढे केलं आणि मी त्या दोघींनाही समजावलं की सवय होईल, काढू नका. आता मला ते तोंडपाठ झालंय. मला इतकं गोड बोलता येतं हे तुला खरं वाटणार नाही.

भिंत किती झाली ते कळव.

ताई


२१ एप्रिल

ताई,

हे पत्र बाबांना माहीत नाही. त्यांनी तुला काही कळवू नको असं बजावलंय.

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा ते ओळंबा लावत होते. वरून दोरी सोडली, खाली वजन स्थिर झालं, आणि ते एकदम मागे सरकले. मला म्हणाले, दोरी कुणी ओढतंय का बघ. कुणीच नव्हतं. पुन्हा सोडली, पुन्हा मागे सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "दोरी माझ्या अंगावर येते."

मी बघितलं. दोरी सरळ लटकत होती. ओळंब्याची दोरी वाकडी लटकेल कशी? मी तसं म्हटलंही. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी दोरी आणि नवं वजन आणलं. ते लावलं, तेही अंगावर आलं. तेव्हा त्यांनी ते वजन दोरीसकट रस्त्यापलीकडे भिरकावून दिलं. ताई, ज्या माणसानं आपल्याला ओळंब्याला पायसुद्धा लावू दिला नाही, त्यानं तो भिरकावला. सगळे बघत होते.

त्यानंतर ते नुसत्या नजरेनं भिंत चढवतायत. रस्त्याच्या बाजूला परांचीवर उभे राहतात, दोन्ही डोळे ताणून बघतात, वीट ठेवतात, आणि हातानं जरा पुढे ढकलतात. प्रत्येक वीट जरा पुढे. मी मसाला देतो आणि बघत राहतो. थर सगळे सारखे आहेत, सांधे भरलेले आहेत, लांबून बघणाऱ्याला काही कळणार नाही. मुकादम लांबूनच बघतो.

परवा ते जेवायला बसल्यावर मी दुसऱ्या गवंड्याचा ओळंबा आणून मैदानाच्या बाजूनं वरून सोडला. भिंत मैदानाकडे गेलीय. तळाशी दोरी आणि भिंतीच्या मधे माझा पंजा आत जाईल एवढी. मी दोरी गुंडाळली आणि कुणाला काही बोललो नाही.

मला वाटलं ते प्यायला लागलेत. मी त्यांच्या पाण्याच्या बाटलीला नाक लावलं. मागे वळलो तर ते उभे होते. बाटली माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं आणि परांचीवर चढले. तेव्हापासून घरात आम्ही दोघं भिंतींसारखे वावरतो.

हात गेला असेल का गं त्यांचा? का डोकं? चष्मा मात्र दिवसभर नाकावर असतो, तेवढी काळजी तू करू नकोस.

धाकटा


७ मे

धाकट्या,

पत्र मिळाल्या मिळाल्या बाबांच्या नाकावरचा चष्मा काढून घे. आधी काढ, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी तीन-चारदा वाचलं. दोरी अंगावर येते हे वाक्य डोक्यातून जाईना. ती शिवणकामवाली बाई तिसऱ्यांदा आली होती. मी तिला सवयीचं सांगायला तोंड उघडलं आणि सांगवेना. तिचा चष्मा घेतला आणि तिच्या दवाखान्याची चिठ्ठी मागितली, आमचा कागद नाही. भिंग यंत्रावर धरलं. उजवं बरोबर होतं. डाव्याचा कोन भलताच होता.

मग मी खुर्चीवर बसले आणि माझ्याच हाताकडे बघत एक नंबर भरला, जसा रोज भरते तसा. उजवा डोळा, मग डावा डोळा, सगळ्यात शेवटी डाव्याचा कोन. त्या कोनाची एक यादी उघडते, त्यातला आकडा निवडायचा. निवडला. आता पान खाली न्यायचं, कारण साठवायचं बटण खाली आहे. म्हणून चाक फिरवलं. चाक अडलं. मी रोज त्या क्षणी खाली बघते. आज वर बघितलं.

चाक अडत नव्हतं रे. मी निवडलेला आकडा अजून यंत्राच्या हातात होता, आणि चाक फिरलं की पान हलायच्या ऐवजी तो आकडा सरकत होता. माझ्या डोळ्यांदेखत कोन बदलला. मग मी टिचकी मारली, पान खाली गेलं, आकडा वर दिसेनासा झाला, आणि मी साठवायचं बटण दाबलं. मी इथं बसल्यापासून हेच करतेय. आतली माणसं बरोबर घासतात, तपासणारा बरोबर तपासतो, पण सगळे माझ्या चुकलेल्या कागदाशी ताडतात.

बाबांची ताकद बदलली तरी कोन तोच आहे आणि तो मला पाठ आहे, इतकी वर्षं मीच घासलाय. यंत्रात डाव्या डोळ्याला दुसराच आकडा आहे. पार दुसरा. दोन डोळ्यांना दोन जगं दिसली की समोरची उभी वस्तू आपल्याकडे झुकल्यासारखी वाटते. दोरी खरंच त्यांच्या अंगावर येत होती. भिंतही येत असणार. म्हणून ते वीट पुढे ढकलत होते. त्यांचा हात गेलेला नाही, डोकंही नाही. मी त्यांना वाकडं जग दिलं आणि वर काढू नका म्हणून दम दिला.

मालकांना सांगितलं. ते दार लावून म्हणाले, हे बाहेर गेलं तर कारखान्याला कुलूप लागेल, यापुढे नीट भरा आणि गप्प बसा. मी त्यांच्यासमोरून उठले आणि गिऱ्हाइकांना बोलवून घ्यायला सुरुवात केलीय. माझं इथं काय व्हायचं ते होईल.

तुमच्या समोरच्या दुकानात फोन लावतेय, घंटी वाजते आणि कुणी उचलत नाही. नवं भिंग मी हातानं घासतेय, पण तोवर थांबू नकोस. ती भिंत कुणाच्या अंगावर यायच्या आत मुकादमाला सांग.

ताई


२० मे

ताई,

समोरचं दुकान महिनाभर बंद आहे, मालक आजारी आहेत. तुझं पत्र मी कामावरून आल्यावर वाचलं. त्याच्या चारच दिवस आधी जे झालं ते आधी सांगतो.

भिंत पुरी झाली. गिलावाही झाला, पांढरा रंगही लागला. मी बाबांना म्हणालो, भिंत कललीय, मी बघितलंय, तुमची नजर गेली आणि हातही गेला, आता घरी बसा. दोघंतिघं ऐकत होते. मला हळू बोलायला हवं होतं. त्यांनी थापी धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. घरी आल्यावर जेवले नाहीत.

मग तुझं पत्र आलं. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, चाकाचं, आकड्याचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तू तिला कळवलंस आणि तिनं स्वतःवर घेतलं. माझी लेक आकडा चुकायची नाही." मी चष्मा काढायला हात पुढे केला तर माझं मनगट धरलं. एवढी ताकद आहे अजून हातात. म्हणाले, तुम्ही दोघं मिळून म्हाताऱ्याची समजूत काढताय, ते मला कळतं, पण काढू नका. आता मी त्यांची नजर गेली म्हणतो ते त्यांना पटलंय, आणि तू चुकलीस म्हणतेस ते पटत नाही.

खरं सांगू? मलाही तसंच वाटतंय. चाक फिरवल्यानं आकडा सरकतो आणि कुणाला महिनोन्‌महिने कळत नाही, हे मला कसं पटावं? तू लहानपणी माझ्या फुटलेल्या बरण्या स्वतःच्या नावावर घेतल्यास. हे तसंच असेल तर मला आत्ता सांग. कारण मी मुकादमाकडे गेलो तर बाबांचं नाव कायमचं जाईल. तुझ्याखातर, त्यांच्याखातर मी अजून गेलेलो नाही.

मागचा भराव सुरू झालाय. मातीचे ट्रक दिवसभर येतात. शाळा पुढच्या महिन्यात उघडेल. मैदानात झाड एकही नाही, सावली फक्त त्या भिंतीची पडते.

धाकटा


२६ मे

धाकट्या,

बरण्यांचं सोड. हे खरं आहे. माझ्या गळ्याची शपथ, खरं आहे.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायला त्यांना सांगू नकोस, तेच तर त्यांनी इतके दिवस केलं. त्यांना भिंतीपाशी ने. ओळंबा सोड. चष्मा नाकावर राहू दे आणि फक्त डावा डोळा हातानं झाकायला सांग. उजवं भिंग बरोबर आहे. दोरी त्यांना सरळ दिसेल. मग त्याच डोळ्यानं भिंत दाखव.

आणि आजच्या आज मुकादमाकडे जा. त्यांचं नाव जायचं असेल तर माझं पुढे कर, मी लिहून देते, सही करून देते. भराव थांबव.

मला आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं सापडायचीत. एक ट्रक चालवतो, त्याचा पत्ताच मिळत नाही. तो सापडला की मी निघते.

ताई


९ जून

पोरी,

मला पत्र लिहायची सवय नाही, त्यामुळे मागचंपुढचं झालं तर समजून घे. धाकटा गावात मोठ्या कचेरीत गेलाय, भिंत दाखवायला साहेबाला आणायला. त्याला ही चिठ्ठी जाताना पेटीत टाकायला सांगितलं होतं, पण लिहून झाली नाही, म्हणून इथं बसून लिहितोय.

तू सांगितलंस तसं केलं. धाकट्यानं दोरी सोडली. मी डावा डोळा झाकला. दोरी सरळ झाली. हात काढला, अंगावर आली. झाकला, सरळ. मी किती वेळ तेच करत बसलो होतो. धाकटा रडायला लागला, त्याला वाटलं मला काही होतंय. मला काही होत नव्हतं. मला बरं वाटत होतं. मग त्याच डोळ्यानं मी भिंत बघितली.

आयुष्यात मी एवढी वाईट भिंत बांधलेली नाही.

आम्ही मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, गिलावा झाला, रंग झाला, साहेब बघून गेले, आता कुणाला काय दिसतंय? दोरी लावून दाखवतो म्हटलं तर म्हणाला, तुमची दोरी तुमच्या अंगावर येते हे सगळ्या गावाला माहीत आहे. शाळेच्या मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि म्हणाल्या, तुम्ही थकलात. एका सकाळी मी घण घेऊन स्वतःच पाडायला गेलो. वरचे दोन थर निघाले तोवर राखणदार धावून आला. घण काढून घेतला. पुन्हा दिसलो तर पोलिसांत देणार म्हणाला. निघालेले दोन थर मुकादमानं दुसऱ्या माणसाकडून बसवून घेतले, वर पुन्हा रंग मारला.

शाळा सोमवारी उघडली. मधल्या सुट्टीत पोरं डबे घेऊन थेट सावलीत आली, दुसरीकडे जातील कुठे. म्हणून मी इथं येऊन बसतो. भिंतीला अगदी लागून, मधोमध, जिथं सावली जास्त असते तिथं. राखणदारानं उठवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, मी भिंतीला हात लावत नाही, नुसता बसतो, बसायला काय हरकत आहे? चष्म्याच्या डाव्या काचेवर मी कागद चिकटवलाय. पोरं मला घाबरतात. कुणी जवळ आलं की मी मोठ्यानं ओरडतो, शिव्यासुद्धा देतो. मला ते आवडत नाही. पण सगळी उन्हात पलीकडे बसून खातात.

तू स्वतःला फार लावून घेतलंयस असं धाकटा म्हणतो. घेऊ नकोस. दोरी मला पहिल्याच दिवशी सांगत होती की काहीतरी चुकलंय. माझं आख्खं आयुष्य तिच्या शब्दावर गेलं, आणि त्या दिवशी मी तिचं सोडून तुझं ऐकलं. त्यात तुझी चूक नाही. कुठल्याही बापानं तेच केलं असतं.

नवा चष्मा घाईनं पाठवू नकोस. ट्रकवाल्याचा आधी कर.

मागं भरावावर अजून ट्रक येतायत. ट्रक रिकामा होतो तेव्हा पाठीला कळतं. काल गिलाव्यात तळाशी एक केसाएवढी चीर होती, आज तिच्यात माझं नख जातंय. धाकट्याला यायला उशीर होतोय. साहेब जागेवर नसेल तर तो थांबेल, तो माझ्यासारखाच हट्टी आहे.

इथून घंटा दिसते. आता थोड्या वेळात होईल आणि पोरं बाहेर येतील. मी मधोमध बसलोय, त्यांना लांबूनच दिसेन.

तुझे
बाबा